मेंढीच्या अंगावरून उतरलेला शब्द

ऑस्ट्रेलियातल्या लोकर कातरण्याच्या शेडमध्ये एका मेंढीला दोन-तीन मिनिटं पुरतात. कातरणारा तिला ढुंगणावर बसवतो, तिची पाठ आपल्या गुडघ्यांत धरतो आणि पोटापासून सुरुवात करून यंत्राची कातर कातडीला लावून लांब लांब फिरवत नेतो. पोटाची लोकर मळकी, ती बाजूला टाकतात. बाकीची तुटत नाही. मानेवरची, पाठीवरची, कुशीवरची लोकर एकमेकींना धरून, अंगरखा उतरावा तशी सलग खाली उतरते. मेंढी उघडी, पांढरीफटक, निम्म्या आकाराची होऊन दारातून पळते. मग दुसरा माणूस तो ढीग दोन्ही हातांनी उचलतो आणि समोरच्या फळ्यांच्या टेबलावर चादर झटकावी तसा फेकतो. लोकर हवेतच उघडते, कातडीकडची बाजू खाली करून टेबलावर पसरते, आणि समोर मेंढीचा नकाशा असतो. इकडे मान, तिकडे शेपूट, मधे पाठ. कडेची काटेकुसळं अडकलेली, शेणानं माखलेली लोकर दोघं जण भराभर तोडून टाकतात. एक जाणता माणूस मधली बट उपसून बोटांत ताणून पाहतो आणि कुठल्या गठ्ठ्यात घालायची ते सांगतो. तोवर पुढची मेंढी उघडी झालेली असते. जॅकी हाव नावाच्या माणसानं १८९२ साली क्वीन्सलँडमध्ये साध्या हातकातरीनं ७ तास ४० मिनिटांत ३२१ मेंढ्या कातरल्या होत्या. तो घालत असे तसल्या बिनबाह्यांच्या बंडीला तिकडे त्याच्याच नावानं ओळखतात.

या सलग उतरलेल्या अंगरख्याला इंग्रजीत ‘फ्लीस’ म्हणतात. लोकर म्हणजे ‘वूल’. पण एका मेंढीची, एका वेळची, अखंड उतरलेली लोकर म्हणजे ‘फ्लीस’. आपण मराठीत दोन्हीला लोकरच म्हणतो. असं का, याचं उत्तर मला बरंच उशिरा आणि बसल्या जागी नव्हे, माळावर मिळालं. ते शेवटी सांगतो. आधी या शब्दाची भटकंती पाहू. तो पुराणकथेत गेला, बायबलात गेला, राजांच्या गळ्यात लटकला, ठकांच्या धंद्यात शिरला आणि आता दुकानात झिपवाल्या जाकिटाच्या आतल्या लेबलावर येऊन बसला आहे.

पहिला प्रश्न असा की कातरलेली लोकर चादरीसारखी एकत्र राहतेच कशी? आपले कापलेले केस तर न्हाव्याच्या दुकानात जमिनीवर विखुरतात. मेरिनो मेंढीच्या लोकरीचा तंतू साधारण २० मायक्रॉन जाडीचा, म्हणजे माणसाच्या केसाच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाइतका. तो सरळ नसतो, बारीक नागमोडी असतो, आणि शेजारच्या तंतूच्या नागमोडीत अडकून बसतो. त्याच्या अंगावर कौलांसारखे एकावर एक खवले असतात. शिवाय या सगळ्याला मेण लागलेलं असतं. मेंढीच्या कातडीतल्या ग्रंथी हे मेण पाझरतात, म्हणून पाऊस लोकरीवरून घरंगळून जातो. कातरणाऱ्यांचे हात त्यामुळेच चिकट पण मऊ असतात. १८८२ च्या सुमारास जर्मनीत हे मेण शुद्ध करून त्याचं पेटंट घेतलं गेलं आणि ‘लॅनोलिन’ असं नाव पडलं. ओठांना लावायच्या मलमात, लिपस्टिकमध्ये, गंज रोखायच्या तेलात ते असतं. आपल्याकडे घरोघरी गेलेला त्याचा प्रकार मात्र वेगळाच आहे. डॉक्टर लिहून देतात त्या ड३ जीवनसत्त्वाच्या गोळ्या बहुतांशी या लॅनोलिनपासूनच बनतात. त्यातलं एक द्रव्य वेगळं काढून, त्यात थोडा रासायनिक बदल करून, त्यावर अतिनील किरण सोडले की ड३ तयार होतं. उन्हात आपल्या कातडीत जे घडतं तेच कारखान्यात मेंढीच्या मेणात घडवायचं.

दुसरी गंमत अशी की कातरणं हा प्रकार मेंढीच्या इतिहासात बराच उशिरा आला. जुन्या जातीच्या मेंढ्या वर्षातून एकदा आपणच लोकर गाळत. स्कॉटलंडजवळच्या सेंट किल्डा बेटांवरच्या सोए मेंढ्या आजही गाळतात. उन्हाळ्याच्या तोंडाला त्यांच्या अंगावर लोकरीची लक्तरं लोंबत असतात. ती हातानं उपटून घ्यायची. लोखंडी कातर हाती आली ती पुढे. भाषेनं ही आठवण जपली आहे. लॅटिनमध्ये फ्लीसला ‘वेलुस’ म्हणत, आणि रोमन पंडित वारो यानं तो शब्द उपटणे या अर्थाच्या क्रियापदाशी जोडला: पूर्वी लोक लोकर कातरत नसत, उपटत. हिब्रूतला शब्द मात्र कातरण्यावरून आलेला आहे. लॅटिन शब्द आपल्या सगळ्यांच्या अंगावर आहे, अगदी शब्दशः. गालावरची, दंडावरची जी बारीक, डोळ्यांना जेमतेम दिसणारी लव असते तिला वैद्यकशास्त्रात ‘वेलस’ केस म्हणतात. गर्भाच्या अंगावरची लव ‘लॅन्युगो’; तीही लॅटिनमधल्या लोकरीवरून. आणि आपण बाळाच्या पहिल्या केसांना जावळ म्हणतो, तसं घोंगडीच्या धंद्यात कोकराच्या पहिल्या कातरणीच्या लोकरीलाही जावळच म्हणतात. ती सगळ्यांत मऊ. आपल्या केसांना मेंढीचा आणि मेंढीच्या लोकरीला बाळाचा शब्द.

गाळण्याची सवय मोडून सतत वाढणारी लोकर माणसानं निवडून निवडून पैदा केली. त्याचा परिणाम काय होतो ते २०१५ च्या सप्टेंबरात कॅनबेराजवळ दिसलं. कळपातून चुकलेला एक मेरिनो मेंढा तिथे रानात सापडला. कित्येक वर्षं त्याला कातर लागली नव्हती. त्याला धड चालता येत नव्हतं, डोळ्यांवर लोकर आली होती, ढग पाय फुटून उभा राहावा तसा तो दिसत होता. त्याचं नाव ठेवलं क्रिस. भूल देऊन, जपून कातरल्यावर जी लोकर निघाली तिचं वजन भरलं ४१.१ किलो. एरवी मेरिनोच्या वर्षाच्या लोकरीचं वजन चार-पाच किलो असतं. ती लोकर आता कॅनबेरातल्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्याआधी न्यूझीलंडमध्ये श्रेक नावाच्या मेंढ्यानं गुहांत लपून सहा वर्षं कातरणी चुकवली होती. २००४ मध्ये तो पकडला गेला, टीव्हीवर सगळ्या देशासमोर त्याची २७ किलो लोकर उतरवली आणि त्याला पंतप्रधान हेलन क्लार्क यांच्या भेटीला संसदेत नेण्यात आलं. अडीच वर्षांनी त्याची पुढची हजामत समुद्रात तरंगत आलेल्या एका हिमनगावर झाली. कौतुक कुठवर न्यावं याला त्या देशात धरबंध नसावा.

आता सोन्याच्या फ्लीसकडे. ग्रीक कथेत जेसन नावाचा राजपुत्र ‘आर्गो’ जहाजातून पन्नासेक वीर घेऊन निघतो तो एका मेंढ्याच्या सोनेरी कातड्यासाठी. हे कातडं काळ्या समुद्राच्या पूर्व टोकाला, कोल्किस देशात, एका झाडाला टांगलेलं असतं आणि न झोपणारा सर्प त्याची राखण करतो. तिथली राजकन्या मेडिया त्याच्या प्रेमात पडते, सर्पाला गुंगी आणते, आणि जेसन कातडं घेऊन पळतो. कोल्किस म्हणजे आजचा पश्चिम जॉर्जिया. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी भूगोलकार स्ट्रॅबो यानं या कथेमागचं कारण सांगून ठेवलं आहे: त्या डोंगरांतल्या नद्या सोन्याचे कण वाहून आणतात आणि तिथले लोक केसाळ कातडी वापरून ते धरतात.

हे कसं चालतं ते बघण्यासारखं आहे. मेंढीचं कातडं लोकर वर करून वाहत्या पाण्यात फळीवर ठोकायचं. पाणी वाळू घेऊन त्यावरून जातं. सोनं पाण्याच्या १९ पट जड, वाळू अडीच-पावणेतीन पट. हलकी वाळू पुढे निघून जाते, सोन्याचा कण लोकरीच्या नागमोडीत खाली बसतो आणि अडकतो. काही दिवसांनी कातडं बाहेर काढायचं, झाडाला टांगून वाळवायचं आणि झटकायचं. उन्हात झाडाला टांगलेलं ते चमचमतं कातडं बाहेरून आलेल्या खलाशानं पाहिलं तर त्याच्या तोंडून कथा निघेल, नाही तर काय! टिम सेव्हरिन या प्रवासलेखकानं १९८४ मध्ये जुन्या धर्तीचं वल्ह्यांचं जहाज बांधून ग्रीसपासून जॉर्जियापर्यंत ही वाट प्रत्यक्ष पार केली, आणि कातड्यानं सोनं धरण्याची चाल स्वानेतीच्या डोंगरात त्याला दाखवण्यात आली. मला हे वाचताना आपल्याकडचे झारेकरी आठवले. सराफकट्ट्यावरची, सोनारांच्या दुकानांसमोरची माती झाडून नेऊन, पाण्यात घोळून, तिच्यातला कणकण सोनं वेगळं करणारे. त्यांच्याकडे कातडं नसतं, पाटी असते. वजनाचा हिशेब तोच.

सोनेरी फ्लीस पुढे राजकारणात गेलं. बर्गंडीचा ड्यूक फिलिप यानं १० जानेवारी १४३० रोजी, पोर्तुगालच्या राजकन्येशी झालेल्या विवाहाच्या सोहळ्यात, ब्रुज शहरात निवडक सरदारांचं एक मंडळ काढलं आणि त्याला हेच नाव दिलं. गळ्यातल्या साखळीला सोन्याचा मेंढा, पोटाला पट्टा बांधून उचलल्यासारखा लोंबणारा. जुन्या युरोपीय राजांच्या तसबिरींत तो हमखास दिसतो. फिलिपच्या राज्यातली फ्लँडर्सची शहरं लोकरीच्या कापडावरच गबर झालेली, तेव्हा निवड चपखल होती. पण धर्मगुरूंना ती टोचली. जेसन झाला तरी मूर्तिपूजक, वर मेडियाला दिलेलं वचन मोडणारा. असा माणूस सरदारांचा आदर्श कसा? मग त्यांनी बायबलातलं दुसरं फ्लीस शोधलं. तिकडे इंग्लंडात याच लोकरीच्या व्यापारावर राजाचा खजिना भरत होता, म्हणून चौदाव्या शतकापासून तिथल्या हाउस ऑफ लॉर्ड्सच्या अध्यक्षांना लोकरीनं भरलेल्या लाल गादीवर बसवतात. १९३८ मध्ये ती दुरुस्तीला उसवली तर आत निघाले घोड्याचे केस! मग राष्ट्रकुलातल्या देशांची लोकर आणून ती पुन्हा भरली.

बायबलातलं फ्लीस गिदोनाचं. शत्रू दाराशी आलेला, देवाचा हुकूम झालेला, आणि गिदोनाला खात्री हवी. तो खळ्यात लोकर पसरतो आणि म्हणतो, उद्या दव फक्त लोकरीवर पडू दे, जमीन कोरडी राहू दे. सकाळी लोकर पिळून वाडगाभर पाणी निघतं. तरी त्याचं समाधान नाही. दुसऱ्या रात्री तो उलटी परीक्षा घेतो: जमीन ओली, लोकर कोरडी. तेही होतं. आजही इंग्रजी बोलणारे भाविक देवाकडे कौल मागण्याला ‘फ्लीस घालणं’ म्हणतात. आपल्याकडे देवाच्या अंगाला फुलं लावून कौल घेतात, डावं पडलं की उजवं ते पाहतात. मन तेच.

श्रद्धा बाजूला ठेवली तरी पहिल्या रात्रीच्या प्रसंगात निसर्गाची खूण आहे. लंडनचे डॉक्टर विल्यम चार्ल्स वेल्स यांना दव कुठून येतं हे शोधायचं होतं. त्यांनी लोकरीचे नेमक्या वजनाचे छोटे पुंजके रात्री बागेत ठेवले आणि सकाळी पुन्हा तोलले. निरभ्र आकाशाखालचा पुंजका जड व्हायचा, आडोशाखालचा कमी. लोकरीचे बारीक तंतू आपली उष्णता आकाशाकडे झटकन टाकतात आणि मधल्या हवेमुळे खालच्या जमिनीची ऊब त्यांच्यापर्यंत पोचत नाही; म्हणून ते लवकर गार होतात आणि दव आधी त्यांच्यावर बसतं. वेल्स यांचं दवावरचं पुस्तक १८१४ मध्ये आलं.

लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश ओलावा पोटात घेते आणि तरी हाताला ओली लागत नाही. ओलावा घेताना ती थोडी उष्णताही सोडते. म्हणून पावसात घोंगडीची खोळ घेऊन मेंढरांमागे उभा असलेला धनगर कुडकुडत नाही. पण मर्यादा ओलांडली की तीच घोंगडी पाणी धरून बसते, उचलवत नाही, दोन-दोन दिवस वाळत नाही. एखादं प्रकरण वर्षानुवर्षं निकालात निघत नसलं की आपण त्याला ‘भिजत घोंगडं’ म्हणतो. सरकारी कचेऱ्यांनी हा वाक्प्रचार ताजा ठेवला आहे.

‘फ्लीस’ क्रियापद झालं की अर्थ होतो लुबाडणं. इंग्रजीत हा वापर सोळाव्या शतकापासूनचा. इथे मात्र मराठी अजिबात मागे नाही. भादरणं म्हणजे केस उतरवणं, आणि भादरणं म्हणजे खिसा रिकामा करणं. ‘जत्रेत पत्त्यांच्या डावात पार भादरून घेतला’ असं म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही. मुंडणं, हजामत करणं, सोलणं हे त्याचेच भाऊबंद. यांत सूक्ष्म फरक आहे. भादरलेल्याचे केस पुन्हा येतात, सोललेल्याचं कातडं येत नाही. हा फरक रोमचा सम्राट टायबेरियस चांगला जाणून होता. प्रांतांवरचा कर वाढवा असं सुचवणाऱ्या सुभेदारांना त्यानं कळवलं होतं की चांगल्या मेंढपाळानं मेंढरं भादरावीत, सोलू नयेत. करवसुलीबद्दल याहून प्रांजळ राजवचन माझ्या वाचनात नाही.

आता जाकिटाकडे. थंडी सुरू झाली की मुंबई-पुण्याच्या फुटपाथांवर तिबेटी विक्रेते लोकरीच्या कपड्यांचे ढीग मांडतात. त्यातलं एखादं मऊ, आतून कापसाळलेलं, हातात घेतल्यावर वजनच न जाणवणारं जाकीट उलटून पाहा. लेबलावर नाव फ्लीस, खाली लिहिलेलं असतं १०० टक्के पॉलिएस्टर. मेंढीचा केससुद्धा नाही.

हे कापड जन्मलं अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या लॉरेन्स गावी, माल्डन मिल्स या घराण्याच्या गिरणीत. ही गिरणी नकली फरचं कापड बनवायची. १९७० च्या दशकाच्या अखेरीस तिनं डोंगर चढणाऱ्यांसाठी हलकं, उबदार कापड विकसित केलं आणि त्याला ‘पोलरफ्लीस’ नाव दिलं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला नकली फरचा बाजार कोसळला, गिरणी दिवाळखोरीत गेली आणि या नव्या कापडावर पुन्हा उभी राहिली. गिर्यारोहक इव्हॉन श्विनार्ड यांच्या पॅटागोनिया कंपनीनं त्याची जाकिटं घडवली. करण्याची रीत अशी: पॉलिएस्टरच्या बारीक धाग्याचं फासे असलेलं कापड विणायचं, तारांच्या ब्रशांच्या फिरत्या रुळांवरून नेऊन फासे उपसायचे, तुटू द्यायचे, आणि जो केसाळ थर वर येतो तो पात्यांनी समान कातरायचा. म्हणजे आधी उपटणं, मग भादरणं. मेंढीच्या लोकरीचा सगळा इतिहास यंत्रातून दोन मिनिटांत.

ऊब येते ती तंतूतून नव्हे, तंतूंमध्ये कोंडलेल्या हवेतून. लोकरीचंही तेच. फरक पाण्यात आहे. पॉलिएस्टर स्वतःच्या वजनाच्या अर्धा टक्काही पाणी पीत नाही. भिजलेलं जाकीट पिळून झटकलं की तासाभरात अंगावर. हे घोंगडं भिजत पडत नाही. १९९३ पासून पॅटागोनियानं सरबतांच्या टाकाऊ बाटल्यांपासून ते बनवायला सुरुवात केली. एका जाकिटाला सुमारे २५ बाटल्या. गिरणीचे मालक आरन फ्यूअरस्टाइन यांचं नाव अमेरिकेत घरोघरी झालं ते वेगळ्या कारणानं. ११ डिसेंबर १९९५ च्या रात्री गिरणीचा मोठा भाग जळाला. विम्याचे पैसे घेऊन सत्तरीचा हा माणूस घरी बसू शकला असता. त्यांनी गिरणी तिथेच बांधायची ठरवली आणि बंद काळातही कामगारांचा पगार महिनोन्‌महिने चालू ठेवला. पुढे कंपनी कर्जात बुडाली, हेही खरं.

या मऊपणाची किंमत धुण्यात कळते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की पॉलिएस्टरच्या एका कपड्यातून एका धुण्यात १९०० पेक्षा जास्त तंतू सुटून पाण्यात जाऊ शकतात. लोकरही गळते, पण ती मातीत कुजते. हे कुजत नाही; नाल्यातून खाडीत आणि खाडीतून मासळीत जातं.

जर्मन भाषेत याच शब्दाचं भावंड आहे, उच्चारही ‘फ्लीस’च, आणि न विणता, तंतू नुसते पसरून चिकटवून केलेल्या कापडालाही तिथे तेच नाव. असल्या पांढऱ्या, झिरझिरीत कापडानं झाकलेली कलिंगडाची, मिरचीची शेतं आता आपल्याकडे सर्रास दिसतात. आपण त्याला क्रॉप कव्हर म्हणतो. इंग्लंडातला माळी त्याला फ्लीसच म्हणतो. ऊन-पाणी आत जातं, पांढरी माशी जात नाही. पहाटे एसटीतून जाताना लांबून पाहिलं तर शेतात मेंढरं बसल्यासारखी वाटतात.

खऱ्या मेंढरांची गोष्ट राहिली. सोलापूर, सांगली, साताऱ्याच्या कोरड्या पट्ट्यातली आपली दख्खनी मेंढी काटक, काळी, आणि तिची लोकर आखूड, जाड, केसाळ. वर्षातून दोनदा कातरतात. दोन्ही मिळून किलोभरही भरत नाही. सणगर ती पिंजून, कातून, चिंचोक्याची खळ देऊन घोंगडी विणतात. पण घोंगडीचं गिऱ्हाईक आटलं, लोकरीला भाव नाही, आणि पुष्कळदा कातरणाऱ्याची मजुरी लोकरीच्या किमतीपेक्षा जास्त होते. मग लोकर माळावरच टाकून देतात.

माण तालुक्यात एकदा कातरणी चालू असताना मी थांबलो. चारी पाय एकत्र बांधून मेंढी आडवी टाकलेली, कातरीचा कचकच आवाज, आणि लोकर सलग नाही, गुच्छ-गुच्छ होऊन तरटावर पडत होती. एका मेंढीच्या सगळ्या लोकरीला तुम्ही काय म्हणता, असं मी कातरणाऱ्या म्हाताऱ्या बाबांना विचारलं. त्यांना प्रश्नच कळेना. मी पुन्हा समजावून सांगितला.

“एकाच्या लोकरीनं काय व्हतंय?” बाबा म्हणाले. “एका घोंगड्याला आठ-धा मेंढरं लागत्यात. समदी एकाच पोत्यात जाती.” आणि त्यांनी तरटावरचे गुच्छ कवेत घेतले, पोत्यात कोंबले आणि वरून पायानं दाबले.